दुसऱ्या राज्याची आठवी

लग्न होऊन तिगावात आल्यापासून सरला आपल्या सासऱ्याशी एक शब्दही समोरासमोर बोलली नव्हती. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. घरचा रिवाजच तसा. सुनेने मामाजींपुढे डोक्यावर पदर घ्यायचा, नजर खाली ठेवायची आणि काही सांगायचं असलं तर मधल्या माणसाला सांगायचं. मधला माणूस म्हणजे तिचा नवरा मंगेश. मंगेश घरी नसला की भिंतसुद्धा चाले. "पीठ सरलं वाटते," असं सरला चुलीकडे पाहून म्हणे, आणि मामाजी मुकाट्याने डबा उचलून चक्कीवर जात. पुढे मुलगी झाली, मानसी, आणि ती बोलायला लागल्यावर भिंतीला सुट्टी मिळाली.

आता असा रिवाज पाळणारी घरं फार उरली नाहीत. पण सरलाचे मामाजी, म्हणजे सासरे गुणवंता गुरुजी, जुन्या वळणाचे. शिकलेला माणूस नव्या वळणाचाच असतो असं काही नाही, उलट शिकलेल्याची सवय मोडणं जास्त अवघड, कारण त्याच्याजवळ प्रत्येक सवयीचं कारण तयार असतं.

गुरुजी राहायला मध्य प्रदेशात आणि नोकरीला महाराष्ट्रात. सकाळच्या पॅसेंजरने तिगावहून निघायचं, पांढुर्ण्यावरून पुढे हद्द ओलांडून नरखेडकडच्या एका खाजगी शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी परत. उभी हयात या गाडीत गेली. शाळेला सरकारी अनुदान आज मिळेल, उद्या मिळेल, असं म्हणता म्हणता गुरुजी रिटायर झाले. पेन्शन नाही, काही नाही. घरी आली ती एक लोखंडी पेटी, आठवीच्या पुस्तकांची. आयुष्यभर त्यांनी आठवीच शिकवली होती आणि माझ्या हाताखालून एक पोरगं नापास गेलं नाही, हे ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगत. मंगेशलाही त्यांनी बोट धरून त्याच शाळेत नेलं होतं. गावातल्या सरकारी शाळेबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं. तिथे हिंदीत शिकवतात, म्हणजे शिकवत नाहीत. मानसी गावातल्या याच शाळेत होती, पण नातीचं पुस्तक त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही.

सरला लोधीखेड्याकडची. बापाकडे कपाशी आणि चार संत्र्याची झाडं. सातवीपर्यंत ती बरी शिकली. आठवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि त्या वर्षी कापूस वेचायला बाया मिळत नव्हत्या. एवढंच कारण. पुढच्या वर्षी जाईल म्हणता म्हणता ती राहिली ती राहिलीच. लग्नानंतर संत्र्याच्या हंगामात ती पांढुर्ण्याच्या वाटेवरच्या एका शेडमध्ये छाटणीला जायची. मोठं फळ इकडे, बारीक तिकडे, डागी बाजूला. बोटांना सालीचा वास कायम. मानसी म्हणायची, आई, तू आंघोळ केली तरी संत्रीच लागते.

मंगेश पांढुर्ण्याच्या एका सरकारी कचेरीत चपराशी होता. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा सगळ्यात जास्त खूश तोच. म्हणायचा, आता आपण जिल्ह्याचे चपराशी. पुढच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग पांढुर्णा, मग नागपूर. नागपूरहून तो परत आला तो गाडीत आडवा.

गुरुजींनी बायकोचं मरण सोसलं होतं, पण पोराचं त्यांच्याने सोसवलं नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि गुरुजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले. ताट ठेवलं तर दोन घास. दाढी वाढली, धोतर मळलं. रडत नव्हते, बोलत नव्हते. मानसी जवळ जाऊन बसली तरी भिंतीकडेच पाहत. शेजारच्या लीलाबाई येऊन पाहून गेल्या आणि सरलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, की म्हातारा आता दिवाळी पाहत नाही.

त्यातच एक दिवस कचेरीतला श्रीकांत बाबू घरी आला. भला माणूस. मंगेशच्या जागी बायकोला घेता येतं, असं तो म्हणाला. सरकारचा तसा नियम आहे. पण चपराशालाही आता आठवी पास लागते. साहेबांना सांगून जागा येत्या उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवतो, पुढे आपल्या हातात नाही, रांगेत दुसरे आहेत. ओपन बोर्डाची आठवी घरी बसून करता येते, सौंसरला महिन्यातून एक वर्ग असतो, परीक्षाही तिथेच. फॉर्म मी भरून देतो, पुस्तकं मागवायची का, असं त्याने विचारलं.

सरला दाराआड उभी होती. वीस वर्षांत पेन धरलेला नाही आणि आता आठवी. ती नाही म्हणून सांगायला मानसीला हाक मारणार, तेवढ्यात खाट करकरली.

गुरुजी उठून बसले होते. किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकू आला.

"पुस्तकं कायले मागवता, बाबू? माया पेटीत आठवी भरून हाये. मी बसलो ना अजून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाव्याला बोलावलं. धोतर धुतलं, टोपी घातली. पेटी उघडून पुस्तकं उन्हात वाळत घातली आणि ओसरीच्या भिंतीवर चुन्यात काजळी कालवून काळा फळा काढला. संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी वर्ग भरू लागला.

हा वर्ग पाहण्यासारखा होता. फळ्याजवळ गुरुजी, आतल्या दाराच्या उंबऱ्यापाशी पदर ओढून सरला, आणि बरोबर मधोमध चटईवर मानसी, हातात सोललेलं संत्रं. गुरुजी फळ्यावर गणित मांडत आणि म्हणत, "मानसी, तुया मायले विचार, चक्रवाढ व्याज कसं काढाचं?" दोन हातांवर बसलेली सरला म्हणे, "मानसी, आजोबाले सांग, मुद्दलात व्याज मिळवाचं." मानसी कुणालाच काही सांगत नसे. ती फोडी खात बसे आणि उत्तर आपलं आपण डोक्यावरून पलीकडे जाई. चुकलं की गुरुजी रागवत तेही मानसीवरच. "मानसी, तुया मायले अक्कल नाई का?" मग सगळे जरा हसत. त्या घरात हसू परत आलं ते असं.

सरलालाही गोडी लागली. सह्याद्रीचे घाट, गोदावरीच्या उपनद्या, महाराष्ट्राचे जिल्हे, मराठीच्या कविता चालीवर. शेडमध्ये फळं निवडताना ती पुटपुटायची आणि बायका म्हणायच्या, सरला पागल होऊन राहिली. पण तिला दिसत होतं की इकडे मामाजी दोन भाकरी खाऊ लागले आहेत, संध्याकाळची वाट पाहू लागले आहेत, वाटेत माणूस भेटला की थांबवून सांगू लागले आहेत, सुनेला आठवी काढून देऊन राहिलो म्हणून. गेलेल्या मंगेशचं नावही आता ते न अडखळता घेत.

सौंसरच्या पहिल्या वर्गाला ती दिवाळीनंतर गेली. तिगावहून पांढुर्णा, पांढुर्ण्याहून सौंसर, बसने. वर्गात तिच्यासारख्याच बाया, काही पोरी, एक मिशीवाला ड्रायव्हर. शेजारी शोभा नावाची बाई बसली, लोधीखेड्याचीच, म्हणजे माहेरची निघाली. बोलता बोलता शोभाने पिशवीतून पुस्तक काढलं. सरलाने ते सहज हातात घेतलं आणि चाळू लागली. मग परत पहिल्या पानापासून चाळलं. हिंदीतलं होतं, ते ठीक. पण त्यात सह्याद्री नव्हता. गोदावरीच्या उपनद्या नव्हत्या. नर्मदा होती, सातपुडा होता, गोंड राजे होते, विज्ञानाचे धडे दुसरेच, आणि ज्या कविता तिने तोंडपाठ केल्या होत्या त्यांतली एकही नव्हती. तिने शोभाला विचारलं, हे आठवीचंच का. शोभा म्हणाली, नाही तर काय दहावीचं? वर्गातल्या प्रत्येकापुढे तेच पुस्तक होतं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. मामाजी तिला जी आठवी शिकवत होते ती हद्दीच्या पलीकडची होती. गाडीत बसून रोज ते ज्या राज्यात जात, त्या राज्याची. हद्द त्यांनी हजारदा ओलांडली, पण पुस्तकालाही हद्द असते हे त्यांच्या कधी मनात आलं नाही. आठवी ती आठवी, एवढंच त्यांना ठाऊक.

परतीच्या वाटेत जामसांवळीच्या फाट्याला बस थांबली. तिथला मारोती निजलेला आहे, उभा नाही, म्हणून लांबलांबून लोक येतात. फाट्यावर नारळवाल्यांची गर्दी होती. सरलाने खिडकीतूनच हात जोडले. मागायचं होतं पास होणं. पण डोळे मिटल्याबरोबर तिला दिसली ती खाट आणि भिंतीकडे वळलेली पाठ. देवा, तू निजलेला बरा, पण माये मामाजी उठलेले असू दे, असं तिच्या तोंडून गेलं. पांढुर्णा आल्यावर तिला आठवलं की परीक्षेचं मागायचं राहूनच गेलं.

तरी तिने सांगितलं. सांगणं भागच होतं, जागेचा प्रश्न होता, पोरीच्या पोटाचा प्रश्न होता. त्या संध्याकाळी वर्ग भरला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "मानसी, आजोबाले सांग, सौंसरचं पुस्तक वेगळं हाये. आपण दुसऱ्याच राज्याचं शिकून राहिलो."

गुरुजी आधी हसले. मग त्यांनी खडू खाली ठेवला. कोणत्या धड्यात फरक आहे, असं त्यांनी मानसीला विचारलं. सगळ्याच, असं सरला म्हणाली. फळ्यावरचं गुरुजींनी पुसलं, पुस्तकं एकावर एक रचली, पेटीत ठेवली आणि कडी लावली. टोपी खुंटीला अडकवली. मग खाटेवर जाऊन ते भिंतीकडे तोंड करून निजले.

त्या रात्री ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मानसी कोपऱ्यात बसून मुसमुसत होती. तिला विचारलं तर म्हणाली, आजोबा बाबासारखे पिवळे दिसतात. दिसत नव्हते, पण पोरीला तसं वाटलं. या घरातून आत्ताच एक माणूस गेला होता. नोकरी मोठी की माणूस मोठा, हा प्रश्न सोपा नसतो, सोपा आहे असं म्हणणाऱ्याने कधी दोन्ही एकदम गमावलेलं नसतं. पण सरलाला विचार करायला वेळ कुठे होता. तिने मानसीचा हात धरला, तिला खाटेजवळ आणलं आणि मोठ्याने म्हणाली, "मानसी, आजोबाले सांग, मायी चूक झाली. ते शोभाचं पुस्तक दुसऱ्याच बोर्डाचं होतं. सौंसरच्या सरांले फोनवर विचारलं. ते म्हणाले, तुमच्या गुरुजींचंच बरोबर हाये."

पाठ जरा हलली. गुरुजी म्हणाले, "मी सांगतच होतो." आणि त्यांनी पाणी मागितलं.

खोटं एकदा बोललं की ते राखावं लागतं. सरलाने ते राखलं. संध्याकाळी मामाजींची आठवी आणि दुपारी शेडमध्ये खरी आठवी, असं तिने ठरवलं. शोभाकरवी मागवलेलं पुस्तक क्रेटच्या थप्पीमागे ठेवलेलं असे. पण मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुलून धरलेली, संत्री उन्हाळ्याच्या तोंडावर येतात आणि परीक्षाही तेव्हाच. शेडमध्ये ट्रकवर ट्रक भरले जात होते, जेवायची सुट्टी म्हणजे भाकरी हातात घेऊन उभं राहणं. एक धडा वाचला की मुकादम हाक मारी. हिंदी बोलायला तिला काही वाटत नसे, बाजारात बोलायचीच, पण वीस वर्षांनी पानभर हिंदी वाचताना ओळ सुटून जाई. जे थोडं डोक्यात जाई त्यावर संध्याकाळी मामाजी गोदावरी ओतत. सौंसरच्या वर्गाला एकदा ती गेली नाही, कारण त्या दिवशी गुरुजींनी तिची चाचणी ठेवली होती. त्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी मिळाले. गुरुजींनी मानसीला पेढे आणायला पाठवलं.

शोभाला तिने सगळं सांगितलं होतं. शोभा म्हणाली, म्हाताऱ्याले काय व्हाचं ते होऊ दे, तू आपलं पाह्य. सरला ऐकून घेई. शोभाचं चुकत नव्हतं.

परीक्षेला निघताना गुरुजी स्टेशनच्या वाटेवरच्या बसथांब्यापर्यंत सोबत आले. मानसीला म्हणाले, मायले सांग, प्रश्न दोनदा वाचाचा, घाबराचं नाही. सरलाने पदर पुढे ओढून दुरूनच पाया पडल्यासारखं केलं. गणिताच्या पेपरला तिला बरंच आलं. व्याज दोन्ही राज्यांत सारखंच चढतं. पण पुढचे पेपर हातात आले तेव्हा ती नुसती बसून राहिली. नर्मदेबद्दल विचारलं होतं. नर्मदा मोठी आहे, पवित्र आहे, परिक्रमा करतात, एवढं तिने लिहिलं. सातपुड्याबद्दल विचारलं होतं. सातपुडा घराच्या मागे होता, लहानपणापासून रोज पाहिलेला, पण पाहिलेलं कसं लिहायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. सह्याद्रीचे घाट मात्र एका ओळीत सगळे आठवत होते. उरलेली पानं कोरी देववेनात, म्हणून शेवटी तिने तेच लिहून काढले.

निकाल श्रीकांत बाबूने मोबाइलवर पाहिला आणि स्वतः घरी येऊन सांगितला. सरला नापास होती. गणित सुटलं होतं, बाकी सगळं राहिलं होतं. पुन्हा बसता येतं, पण जागा आता थांबत नाही, असं तो म्हणाला. रांगेतल्या दुसऱ्या माणसाला बोलावणं गेलं होतं. मंगेशची खुर्ची, दाराबाहेरची, जिच्यावर तो उन्हाळ्यात ओला रुमाल टाकून बसायचा, ती गेली. चहा न पिताच श्रीकांत बाबू उठला.

सरलाला भीती होती ती खाटेची. पण गुरुजी खाटेकडे गेले नाहीत. ते ओसरीवर येरझारा घालू लागले. रागाने त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मानसी, तुया मायले सांग. माया हाताखालून आजवर एक पोरगं फेल नाई गेलं. हे पहिली. मी काही कमी केलं का? पाठ येत होतं सारं. तिथं जाऊन घाबरली. डोक्यातच नाई तिच्या, त्याले गुरुजी काय करन?"

मानसीचे डोळे भरले. तिला सगळं ठाऊक होतं, मधल्या माणसाला नेहमीच सगळं ठाऊक असतं. तिने आईकडे पाहिलं. सरलाने मान हलवली, काही बोलू नको म्हणून. मामाजींचं ते बोलणं तिला लागलं, फार लागलं. उंबऱ्यावर बसून तिने कणीक मळायला घेतली आणि बराच वेळ मळतच राहिली.

नोकरी गेली, घर चालायचं थांबलं नाही. सरला शेडमध्ये होतीच. गुरुजींनी दोन-चार दिवस वर्ग घेतला नाही, पण निजलेही नाहीत. मग जून लागला, शाळा उघडायची वेळ आली, आणि एका संध्याकाळी त्यांनी फळा पुन्हा काळा केला. टोपी घातली. पेटीतून पुस्तकं काढली, फुंकर मारून धूळ उडवली.

"मानसी यंदा आठवीत," ते भिंतीकडे पाहून म्हणाले. सांगत होते सरलाला, पण मधला माणूसच आज विद्यार्थी झाला होता म्हणून भिंतीला परत काम लागलं होतं. "त्या शाळेवर माया भरोसा नाई. आता आठवीलेबी बोर्डाचा पेपर हाये म्हणते. हिले मी तयार करतो. रोज संध्याकाळी. शाळेची किताब बंद, आपली चालू. माय चुकली, पोरगी नाई चुकणार."

मानसी खूश झाली. आजोबा आपल्याला शिकवणार, या आनंदात बाकीचं ती विसरली. ती आपल्या जागेवर, चटईवर मधोमध, पेन्सिल घेऊन मांडी घालून बसली. गुरुजींनी फळ्यावर पाठ पहिला लिहिला.

सरला चुलीपाशी होती. तवा तापला होता. तिने तो उतरवला, हात पदराला पुसले आणि उंबरा ओलांडून ओसरीवर आली. मानसीच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "तू ऊठ. आपली शाळेची किताब घे आणि अंगणात जाऊन वाच." आवाज असा होता की पोरगी न विचारता उठली.

आता मधे कोणी नव्हतं. गुरुजी मानसी बसली होती त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. सरलाने मान वर केली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिने सावरला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती सासऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून बोलली.

"मामाजी, तिले नका शिकवू. तिले येते. मी ढ आहो. मलेच शिकवा."

रागवावं की काय करावं गुरुजींना कळेना. सुनेचा आवाज असा समोरून त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग ते पुन्हा फळ्याकडे वळले, आणि वळता वळता, कुणाला मधे न घालता, म्हणाले, "बस."

सरला चटईवर, मानसीच्या जागी बसली. बाहेर अंगणात मानसी मोठ्याने नर्मदेचा धडा वाचू लागली होती. आत गुरुजींनी विचारलं, गोदावरीच्या उपनद्या कोणत्या, आणि सरला एकेक नाव सांगू लागली. तिला त्या सगळ्या पाठ होत्या.